कुंकवाचं टोक

दसऱ्याच्या सकाळी पोलीस ठाण्यातला फोन वाजला तेव्हा सब-इन्स्पेक्टर वैदेही राणे आरतीचं तबक घेऊन उभी होती. समोर रायफली, लाठ्या, बेड्या, सगळ्यांना झेंडूच्या माळा. शस्त्रपूजेत फोन उचलू नये असा काही नियम नाही, पण सणाच्या दिवशी उचलावासा कुणालाच वाटत नाही. शेवटी तबक शेजारच्याकडे देऊन तिनेच उचलला.

"खारघरच्या डोंगरात माणूस पडलाय." पलीकडचा धापा टाकत होता. "कड्यावरून. दोर तुटला."

"जिवंत आहे?"

"हलत नाही. लवकर या."

बाहेर हवालदार हौसेराव जीप सजवत होते. हौसेराव साताऱ्याकडचे. गाडी सरकारी असली तरी पूजा मात्र घरच्यासारखी. बॉनेटवर त्यांनी ओल्या कुंकवाचा ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं आणि आता चिरलेल्या लिंबाच्या फोडी वायपरला बांधत होते.

"चला, हौसेराव."

"ह्ये एवढं बांधू द्या की म्याडम. सनासुदीला बिनलिंबाची गाडी हलवायची न्हाय. आन कुंकू बगा, घरचं हाय, हळदीचं. बाजारातला रंग न्हाय."

"कुणीतरी मेलंय."

हौसेरावांनी गाठ मारली आणि निमूट चाक धरलं.

कड्याच्या पायथ्याशी तिघं जण जिवंत होते. चौथ्याच्या अंगावर कुणीतरी आपला विंडचिटर पसरला होता. मेलेला रणजीत, पंचविशीतला, मंडळातला सगळ्यात चपळ गडी. खालच्या दगडांनी चपळाई बघितली नव्हती.

"मी नंदकुमार, कातळवेध मंडळाचा प्रमुख." बोलणारा पन्नाशीला टेकलेला, कानशिलं पिकलेली, आवाज असा की ऐकणाऱ्याला उगाच धीर यावा. "दरवर्षी दसऱ्याला आम्ही सीमोल्लंघन करतो. म्हणजे नवा कडा चढतो. येत्या उन्हाळ्यात आमची हिमालयात मोहीम आहे, अवघड शिखर आहे. बाकीची मुलं सणाला गावी गेलीत. आम्ही चौघंच होतो."

"खालून दोर कोण धरत होतं?"

"मी." हा कुलदीप. कळंबोलीचा, दणकट, डोळे सुजलेले. "पहिली मेख मारून झालेली. तिच्या थोडा वर गेला आणि पाय सरकला त्याचा. मी दोर आवळला ना मॅडम! मेख पण टिकली. साधी पडझड होती, रोजची. झटकासुद्धा धड लागला नाही, आणि दोर आला सरसर खाली. रिकामा."

"कातळाच्या धारेवर घासला असणार," नंदकुमार म्हणाले. मग जरा थांबून, जड आवाजात, "दोर तपासायचं काम साहित्यप्रमुखाचं असतं."

त्यांनी नाव घेतलं नाही. नजर मात्र तिसऱ्या माणसाकडे गेली. दगडावर एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. राजेश्वरी. नुकतीच उत्तरेकडच्या संस्थेतून बर्फावरचं वरच्या पायरीचं शिक्षण घेऊन आलेली. मंडळात तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं.

"दोर तपासला होतास?"

"काल पूजेच्या आधी. पूर्ण. सरांनी शिकवलंय, दोर डोळ्यांनी नाही बघायचा, बोटांनी बघायचा."

"आणि आज सकाळी?"

"आजपण. फक्त कुंकवाचं टोक सोडून."

वैदेहीला कळलं नाही. नंदकुमारांनी समजावलं. खंडेनवमीला मंडळाच्या खोलीत सगळं साहित्य पूजेला मांडतात. दोराच्या एका टोकाला कुंकवाची पाच बोटं लावतात, वीतवीत अंतरावर. सीमोल्लंघनाला जो पुढे चढतो त्याच्या कमरेला तेच टोक बांधायचं. तो मान. आणि कुंकू पुसू नये म्हणून त्या दिवशी तेवढा दोर कुणी चाचपत नाही.

म्हणजे वर्षभर देवासारखा सांभाळायचा नियम देवाच्याच नावाने एक दिवस बाजूला. आपल्याकडे हे असंच चालतं. वैदेहीने काही म्हटलं नाही, तिच्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरलाही सकाळी फूल वाहिलेलं होतं.

तिने दोर बघितला. रणजीतच्या कमरेची गाठ शाबूत होती, तिच्यात कुंकवाची पहिली दोन बोटं, लाल. गाठीपासून वीतभर पुढे दोर तुटला होता. तुटल्या जागेच्या अलीकडचं बोट पिवळं, पलीकडचंही पिवळं, आणि शेवटचं पुन्हा लाल. हळद-कुंकू, तिने मनाशी म्हटलं आणि पुढे गेली.

"कमरेपाशी कसली धार आली, सर?"

"नायलॉन आहे. त्याचं काही सांगता येत नाही," नंदकुमार म्हणाले.

हौसेराव उकिडवे बसून तुटलेल्या टोकाचे धागे चिमटीत धरत होते. धागे ओढावे लागलेच नाहीत. बोटांत भुगा झाला.

"म्याडम, ह्ये घासलेलं न्हाय. माजी खाकी प्यांट अशीच गेल्याली, जीपची ब्याटरी सांडली तवा. वरनं बगाया बरी, हात लावला की चाळन."

"ॲसिड?"

"तसंच दिसतंय."

कुलदीप एकदम उभा राहिला. "माझ्याकडं काय बघता सगळे?"

कारण कुलदीपचं कळंबोलीत, ट्रक उभे राहतात तिथे, बॅटऱ्यांचं दुकान होतं.

"अजून एक," वैदेही म्हणाली. "आज पुढे रणजीतच जाणार हे आधीच ठरलं होतं?"

कुलदीपनेच तोंड उघडलं. "नाही. मान राजेश्वरीचा होता. महिन्याभरापूर्वीच ठरलेला. हिने इथं येऊन ऐन टायमाला नाही म्हटलं."

"का गं?"

"पोटात दुखत होतं," राजेश्वरी जमिनीकडे बघत म्हणाली.

"कड्याच्या पायथ्याशी आल्यावर दुखायला लागलं?"

"हो."

"मग मान माझा होता," नंदकुमार मध्येच म्हणाले, "पण माझा खांदा धरलाय. म्हणून मी रणजीतला म्हटलं, तू जा. मी म्हटलं त्याला." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला.

राजेश्वरी खोटं बोलत होती. ते कळायला पोलिसात असावं लागत नाही.

दुपारी वैदेही कळंबोलीला गेली. दुकानाच्या दारात झेंडूचं तोरण, आत ॲसिडचे फुगे, म्हणजे मोठ्या पोटाच्या काचेच्या बाटल्या, रांगेने. फुग्यांनाही कुंकू.

"मोहिमेतून तुला वगळलं ना?"

"छातीत दोष निघाला. डॉक्टरनी सांगितलं, उंचीवर गेलास तर परत नाय येणार." कुलदीपने खांदे उडवले, पण ते उडाले नाहीत. "राग आला होता. सरांचा आला होता, राजेश्वरीचा आला होता. माझी जागा रणजीतला दिली, त्याचापण आला होता. पण मॅडम, त्याचा दोर माझ्या हातात होता. ज्याला मारायचं त्याचा दोर मीच कशाला धरू?"

"कारण तसं केलं तर तुझ्यावर संशय येणार नाही."

"हे बघा, उगाच टेन्शन देऊ नका."

"काल सुटं ॲसिड कुणाला दिलंस?"

"काल नवमी. दुकानात पूजा होती, धंदा बंद. सुटं मी कुणाला देत नाही. ओळखीचा असला तर…" तो थांबला. "नाही. कुणालाच नाही."

त्याने फडक्याने स्वच्छ काउंटर पुन्हा पुसला. वैदेहीने त्याला पुसू दिला. घाबरलेला माणूस बोलला नाही तरी त्याचे हात बोलतात. काय बोलतात ते मात्र लगेच कळतंच असं नाही.

मंडळाची खोली नेरुळला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. किल्ल्या दोन. एक नंदकुमारांकडे, एक राजेश्वरीकडे. कुलूप फोडलेलं नव्हतं. नंदकुमारांनी स्वतः दार उघडून दिलं.

पाटावर पूजा तशीच होती. बर्फाच्या कुऱ्हाडी, मेखा, कड्या, आणि दुसरा दोर, तुटलेल्याचा जुळा भाऊ. त्याच्याही टोकाला पाच बोटं. पाचही लालभडक.

"पावसाळ्यात या खोलीत सोसायटीची मोठी बॅटरी ठेवली होती," नंदकुमार हळू आवाजात म्हणाले. "राजेश्वरीने ठेवू दिली. मी तिला बोललोही होतो. मुलगी गुणी आहे, मॅडम. चूक कुणाच्याही हातून होते. माझी विनंती आहे, तिच्यावर फार कडक होऊ नका."

बोलण्यात किती माया! वैदेहीला वाटून गेलं, वकील असा असला तर आरोपीला दुसऱ्या शत्रूची गरज नाही. पण वाटण्यावर खटला उभा राहत नाही.

भिंतीवर एक मोठा फोटो होता. तरणेबांड नंदकुमार, हातात तिरंगा, गॉगलमध्ये बर्फाचं प्रतिबिंब.

"धवलशृंगाचा माथा," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाली. आपल्या भागात तेव्हा गिर्यारोहणात नाव नव्हतं कुणाचं. या फोटोवर मुलं इथं येतात."

चांगला फोटो होता. त्यांच्या डाव्या खांद्यामागून पांढरी चढण वर वर जात चौकटीबाहेर गेली होती. वैदेहीने तो जरा वेळ बघितला. सिंधुदुर्गात वाढलेल्या बाईला बर्फातलं काय कळणार, म्हणून सोडून दिला.

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं. त्यांच्या कपाळावर अजून सकाळचा टिळा होता.

"राणे, यात अवघड काय आहे? किल्ली तिच्याकडे. साहित्य तिच्या ताब्यात. चढायचं तिने, आणि ऐन वेळी दुसऱ्याला पुढे केलं. निष्काळजीपणा म्हणा नाहीतर खून म्हणा, मुलगी तीच. उद्या अटक करा."

"सर, पोटदुखीचं कारण खोटं आहे, हे मलाही दिसतंय. खरं काय ते कळू दे."

"उद्या दुपारपर्यंत."

उद्या दुपारपर्यंत. त्यानंतर राजेश्वरी आपल्याच सोबत्याला मारणारी म्हणून वर्तमानपत्रात येणार, आणि एकदा आली की पुढे निर्दोष सुटली तरी गावाकडे, सोसायटीत, कुठल्याच डोंगरावर तिच्या हातचा दोर कुणी कमरेला बांधणार नव्हतं.

सकाळीच वैदेही तिच्या घरी गेली. कोपरखैरण्यात सिडकोचं दोन खोल्यांचं घर. आई स्वयंपाकघराच्या दारात, डोळे रडून लाल. राजेश्वरी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली चटईवर बसली होती. शेजारी तिचा वेगळा तांब्या, वेगळी ताटली. घरात पलंग मोकळा होता, खुर्ची मोकळी होती.

वैदेहीने तांब्याकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं. हौसेरावांना खाली जीपपाशी पाठवलं आणि स्वतः चटईवर तिच्या शेजारी जाऊन बसली. आई "अहो, तिथं नका…" म्हणेपर्यंत बसलीसुद्धा.

"काल सकाळी बाहेरची झालीस."

राजेश्वरीने मान वर केली. कालपासून पहिल्यांदा तिने वैदेहीच्या डोळ्यांत बघितलं.

"कड्याखाली गेल्यावर कळलं," ती म्हणाली. "दोन दिवस आधीच. पूजेचं टोक होतं ते, मॅडम. आईने घरी हळदीपासून केलेलं कुंकू. कसं बांधणार कमरेला? आणि तिथं तीन पुरुष. सर, कुलदीप, रणजीत. काय सांगणार होते? पोट दुखतंय म्हटलं. रणजीत हसला. म्हणाला, घाबरलीस. मी त्याला हसू दिलं."

बर्फाच्या भिंतीवर कुऱ्हाड मारत चढणारी मुलगी. आणि तिला एवढं एक वाक्य उच्चारता आलं नव्हतं. वैदेहीला तिचा राग आला, मग तिच्या आईचा, मग आपल्या आईचाही. राग आला तरी तिने तिचा हात धरला.

"कुणाला ठाऊक होतं, की तू जाणार नाहीस?"

"कुणालाच नाही. मलाच नव्हतं."

"पाचही बोटं कुंकवाची लावलीस? मध्ये हळद?"

"नाही. हळदीची वाटी मी घरीच विसरले होते. दोन्ही दोरांना नुसतं कुंकू."

वैदेहीने ते मनात ठेवलं. "हल्ली कुणाशी भांडण?"

"भांडण नाही. सरांना मी एक गोष्ट विचारली होती. मुलांना ती मोहिमेआधी सांगायला हवी, एवढंच म्हटलं होतं. ते म्हणाले, दसरा होऊ दे, कडा चढून ये, मग मीच सगळ्यांना सांगतो." तिने ओठ आवळले. "ती त्यांनीच सांगायची आहे, मॅडम. त्यांनी मला हाताला धरून शिकवलंय."

वैदेही खाली आली. हौसेराव जीपपाशी हिरमुसले उभे होते.

"बगा की म्याडम. एवढं झ्याक स्वस्तिक, खड्ड्यांनी लिंबाचा रस सांडला आन निम्मं पिवळं पडलं. घरच्या कुंकवाचं ह्येच वंगाळ. आंबट लागलं की हळद वर येती."

वैदेही बॉनेटकडे बघतच राहिली. जिथे रस ओघळला होता तिथे स्वस्तिकाची रेघ पिवळीधमक होती, बाकी लाल.

"हौसेराव, तिघांनाही मंडळाच्या खोलीत बोलवा. आत्ताच्या आत्ता. आणि वाटेत नंदकुमारांच्या सोसायटीच्या वॉचमनला एक विचारायचंय."

अकराच्या सुमाराला खोलीत पाच माणसं होती. खोलीत उदबत्तीचा वास अजून होता. वैदेहीने पाटावरचा दुसरा दोर उचलला.

"हा दोर अजून तपासणीला गेलेला नाही," ती म्हणाली. "यालाही काही लावलेलं असू शकतं. पण रणजीत कसा पडला ते मला बघायचंय. वरच्या त्या लोखंडी कडीला लोंबकळायचं, जमिनीपासून हातभर. कोण बांधून घेतं?"

"मी नाही," कुलदीप दोन पावलं मागे सरला. "मॅडम, सॉरी. त्या टोकाला मी हात नाही लावणार."

राजेश्वरी पुढे आली. तिने टोक बोटांत धरलं आणि इंचाइंचाने पुढे सरकवत गेली. एक वीतही सुटली नाही. कुंकू बोटांना लागलं तरी थांबली नाही.

नंदकुमार हसले. दुःखी, वडीलधारं हसू. "मुलांना कशाला घाबरवता? द्या इकडे." त्यांनी दोर घेतला, सराईत हातांनी कमरेला वेढा दिला, गाठ मारली आणि दोर कडीत अडकवून लोंबकळले. दोर ताठ झाला. "झालं समाधान?"

"झालं," वैदेही म्हणाली. "उतरा, सर. आणि एक सांगा. दोर डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचा. मग आज बोटं कुठे गेली?"

ते गाठ सोडता सोडता थांबले.

"काल याच दोराच्या जुळ्या भावाने तुमचा माणूस मारला. हा दोर वाईट असू शकतो हे मी नुकतंच सांगितलं. कुलदीप भ्याला. राजेश्वरीने भीत भीत तपासला. तुम्ही एकटे बिनधास्त लटकलात. हा दोर चांगला आहे हे एकाच माणसाला ठाऊक असणार. दुसरा ज्याने बिघडवला त्याला."

"हा काय पुरावा आहे?" आवाज अजून शांत होता.

"नाही. पुरावा दोरावर आहे. तुम्ही मला सांगितलंत, पावसाळ्यात बॅटरीने दोर खराब झाला. राजेश्वरीची हलगर्जी. मग ॲसिड आधी आणि कुंकू नंतर असायला हवं. पण तुटल्या जागेजवळची दोन बोटं पिवळी आहेत, बाकीची तीन लाल. मला वाटलं, हळद. हळद लावलीच नव्हती. हे घरचं कुंकू आहे, सर, हळदीचं. त्यावर आंबट पडलं की ते पुन्हा पिवळं होतं. हौसेरावांच्या जीपवर लिंबाने झालं, दोरावर ॲसिडने. म्हणजे ॲसिड कुंकवाच्या नंतर पडलं. नवमीच्या पूजेनंतर, दसऱ्याच्या सकाळच्या आत. याच खोलीत."

"किल्ली राजेश्वरीकडेही होती."

"होती. आता हे बघा. सांडलेलं ॲसिड कुठेही पडलं असतं. दोराला दोन टोकं, कुठलं वर जाईल हे एरवी देवालाही ठाऊक नसतं. पण या एका दिवशी ठाऊक असतं. कुंकवाचं टोक पुढच्याच्या कमरेला. आणि त्या एका दिवशी ते टोक कुणी चाचपत नाही. ॲसिड नेमकं तिथे, गाठीच्या वीतभर पुढे. ॲसिड ओतणाऱ्याला तुमचे रिवाज पाठ होते. आणि पुढे जाणार होती राजेश्वरी. ती जाणार नाही हे कड्याखाली पोचेपर्यंत तिलाही माहीत नव्हतं. तिने माघार का घेतली ते मी तपासलंय, ते खरं आहे, आणि ते तुम्हाला सांगायची मला गरज वाटत नाही."

राजेश्वरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे मला…"

"कुलदीप," वैदेही वळली, "आता बोल. नवमीला सुटं ॲसिड कुणाला दिलंस?"

कुलदीपने नंदकुमारांकडे बोट केलं. "सरांना. बाटलीभर. म्हणाले, आमच्या सोसायटीच्या जनरेटरच्या बॅटरीला पाहिजे. काल मी… माझ्याच दुकानातलं ॲसिड, मॅडम. मला वाटलं, मलाच आत टाकतील. आणि सर असं करतील हे डोक्यातच नाही आलं."

"त्यांच्या सोसायटीत ॲसिड लागेल असं काहीच नाही, जनरेटरसुद्धा नाही. वॉचमनला विचारून आलोय."

नंदकुमार खाली बसले. पाटाजवळच.

"का, हे मात्र मला राजेश्वरीच्या तोंडून ऐकायचंय," वैदेही म्हणाली. तिने भिंतीवरचा फोटो काढून तिच्या पुढ्यात धरला. "काल मला यात काहीतरी खुपलं, पण कळलं नाही. आज वाटेत कळलं. शिखरावर उभ्या माणसाच्या मागे आणखी चढण कशी?"

राजेश्वरी फोटोकडे नाही, नंदकुमारांकडे बघून बोलली.

"तिकडे शिकताना मी धवलशृंगाच्या पायथ्याशी गेले होते, सर. हा उतार माथ्याच्या खूप खाली आहे. तुम्ही वर गेलाच नव्हता. मला त्याचं काही वाटलं नसतं. माघारी फिरणं हे शहाणपण आहे, तुम्हीच शिकवलंत. पण उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला त्याहून अवघड शिखरावर नेणार. शेवटच्या चढणीवर पुढे जायचं की परतायचं, हे तुम्ही ठरवणार. तिथं हवा कशी विरळ होते, डोकं कसं फसवतं, हे तुम्हाला ठाऊकच नाही. पोरं तुमच्या शब्दावर वर गेली असती आणि तिथंच राहिली असती. म्हणून म्हटलं, सांगा त्यांना. लोकांना नका सांगू. फक्त आपल्या पोरांना."

"ढग आले होते," नंदकुमार पुटपुटले. "थोडंच राहिलं होतं. खाली आलो तर लोक हार घेऊन उभे. कुणी विचारलंच नाही. एकदा हो म्हटलं की मग पंधरा वर्षं…" त्यांनी मान हलवली. "मला वाटलं, नुसती पडेल. हातपाय मोडेल. मोहीम पुढे जाईल."

"कड्यावरून?" हौसेराव न राहवून म्हणाले. "लहान पोरगंबी इस्वास ठेवनार न्हाय ह्येच्यावर."

"आणि रणजीत?" वैदेहीचा आवाज चढला. आतापर्यंत तिने तो जपून ठेवला होता. "ती मागे सरली तेव्हा तुम्ही सुटला होतात. दुसरा दोर घेऊ, आज नको, एवढं म्हणायचं होतं. काहीही. मान तुमच्याकडे आला, तर तुमचा खांदा दुखायला लागला. आणि पोराला म्हटलंत, तू जा. त्याने टोक कमरेला बांधलं तेव्हा तुम्ही समोर उभे होतात ना?"

"थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं," नंदकुमार म्हणाले.

हौसेरावांनी बेड्या काढल्या. कालच्या पूजेची झेंडूची पाकळी बेडीला चिकटलेली होती, ती त्यांनी झटकली. नंदकुमार उठले आणि कुणाकडेही न बघता त्यांच्याबरोबर बाहेर गेले. कुलदीप भिंतीला टेकून लहान मुलासारखा हुंदके देत होता.

राजेश्वरी तशीच उभी होती. सुटका झाली होती तिची. वैदेहीला ते सांगावंसं वाटलं आणि सांगवेना. जी गोष्ट या मुलीला वाचवत होती तीच तिला सांगत होती की मरायचं तिने होतं.

"रणजीतच्या घरी खरं काय ते कोण कळवणार?" राजेश्वरीने विचारलं.

"आम्हीच. ते काम आमचं."

"त्याच्या आईला काल एवढंच सांगितलंय की दोर तुटला. कुणी ओतलं, का ओतलं, हे मी सांगते. तुम्ही सोबत या, पण बोलेन मी."

"आजच नको, पोरी. दोन दिवस जाऊ दे. ती बाई आधी एकच विचारील. तू जाणार होतीस, मग माझा रणजीत का गेला?"

"हो. तेच विचारतील." राजेश्वरीने चप्पल पायात सरकवली. "या वेळी मी पोट दुखत होतं असं नाही सांगणार."

ती दारातून बाहेर पडली. वैदेहीने खोलीला कुलूप लावलं आणि तिच्या मागोमाग निघाली.